परदेशी कीड झाडावर येते कशी आणि तिचा धोका मोजतात कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सरीवाले, माडा-पोफळीचे बागायतदार, लाकडाचे व्यापारी आणि सुट्टीला येताना पिशवीतून 'एकच काडी' आणणारे परदेशस्थ नातेवाईक, या सगळ्यांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात.

आमच्या माडावर पांढरी माशी आली. तिचा व्यापाराशी काय संबंध?

थेट संबंध आहे. झावळीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणाची वेटोळी काढणारी आणि खालच्या पानांवर काळी बुरशी चढवणारी ही रुगोज चक्राकार पांढरी माशी मूळची मध्य अमेरिकेतली. २००४ मध्ये बेलिझमधल्या नमुन्यांवरून तिचे शास्त्रीय वर्णन झाले, २००९ मध्ये ती फ्लोरिडात होती आणि २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या आणि केरळातल्या पालक्काडच्या माडांवर सापडली. तिथून कोकणात यायला फार वर्षे लागली नाहीत. एवढीशी माशी समुद्र उडून ओलांडत नाही. पानाखाली अंडी आणि पिल्ले चिकटलेले जिवंत रोप हीच तिची सर्वांत संभाव्य वाट मानली जाते.

ती पहिलीही नव्हे. नारळाची साल खरवडल्यासारखी तपकिरी करणारी इरिओफाइड कोळी १९६५ मध्ये मेक्सिकोच्या गेरेरो राज्यातल्या नमुन्यांवरून जगाला माहीत झाली आणि १९९८ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात दिसली. सुबाभळीचे शेंडे चोखणारा सायला हा बारीक कीटक १९८८ मध्ये आला. ज्यांनी चाऱ्यासाठी बांधावर हौसेने सुबाभूळ लावली होती त्यांना ते साल आठवत असेल. निलगिरीच्या पानांच्या शिरांवर गाठी आणणारी गांधीलमाशी ऑस्ट्रेलियाची, इथे २००१ च्या सुमारास. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला. मिरीचा वेल चढवायला लावलेला पांगारासुद्धा गाठींच्या गांधीलमाशीने सोडला नाही. एकही कीड इथली नव्हे, आणि बहुतेक कुणाच्या तरी मालाबरोबर आली.

कोणत्या मालाबरोबर, हे जवळजवळ कधीच दाखवता येत नाही. कीड ओळखू येईपर्यंत तिला आणणारे रोप विकून, लावून, कधी वाळूनही गेलेले असते.

'धोका मोजणे' म्हणजे नक्की काय करतात?

कामाचे नाव कीड जोखीम विश्लेषण. भारूड मोठे असते, पण त्यात प्रश्न चारच. कीड आत येईल का? आली तर टिकेल का? टिकली तर पसरेल का? आणि पसरली तर किती नुकसान करील? रोमला कचेरी असलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराची मानके आहेत, त्यांतले ११ क्रमांकाचे याच कामाचे. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासूनचा करार सांगतो की एखाद्या देशाचा माल अडवायचा तर शास्त्रीय आधार दाखवा. म्हणजे हे विश्लेषण संरक्षणाचे हत्यार आहे आणि नुसत्या भीतीपोटी माल अडवू नये म्हणून घातलेला लगामही.

आकडे समजुतीपुरते घेऊ. समजा वर्षाला हजार पेट्या रोपे येतात आणि शंभरातली एक किडकी असते. झाल्या दहा. तपासणीत त्यांतल्या सात सापडल्या, तीन सुटल्या. सुटलेल्या तिन्हींतून कीड टिकेलच असे नाही. एखादी थंडीत मरेल, एखादीला खायला योग्य झाड मिळणार नाही. आता धंदा वाढून पेट्या दहा हजार झाल्या. स्वच्छता तीच, तपासणीची नजर तीच, तरी सुटणाऱ्या पेट्या तीस. कीड जास्त घातक झालेली नाही आणि तपासनीसही आळशी झालेला नाही. 'इतकी वर्षे आणतोय, काही झाले नाही' असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवतो.

एखाद्या खऱ्या रोगावर हे करून दाखवाल का?

रबर घेऊ. दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात रबराच्या बागा आहेत, त्यामुळे हा विषय फक्त केरळचा नाही.

दक्षिण अमेरिकेत रबराच्या पानांवर एक बुरशीजन्य करपा येतो. कोवळी पाने गळतात, पुन्हा फुटतात, पुन्हा गळतात, आणि असे होत होत फांद्या शेंड्याकडून वाळत जातात. हेन्री फोर्ड यांनी १९२८ मध्ये ब्राझीलमध्ये तापाजोस नदीकाठी फोर्डलँडिया नावाचे रबराचे गावच वसवले. जंगलात विखुरलेली झाडे या रोगातून निभावतात. एका ओळीत, पानाला पान लावून उभी केलेली बाग निभावली नाही. १९४५ मध्ये जमीन ब्राझील सरकारला परत गेली. तोट्याला इतरही कारणे होती, पण हा करपा मोठे कारण.

आशियात हा रोग नाही. आता चार प्रश्न लावा.

येण्याची शक्यता? रबराचे रोप किंवा डोळा भरायची काडी आणली तर मोठी. बुरशीचे बीजाणू प्रवाशाच्या कपड्यांवरून, सामानावरून येण्याची शक्यता लहान, पण शून्य नाही. टिकण्याची? दमट हवा, लांब पाऊस आणि यजमान झाड तिन्ही केरळापासून कोकणापर्यंत हजर. पसरण्याची? वारा आणि पाऊस पुरेसे. नुकसान किती? इथे मात्र श्वास रोखावा लागतो. आशियातले रबर बहुतांश १८७६ मध्ये हेन्री विकम याने ब्राझीलमधून लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेलेल्या बियांच्या वंशातले. त्यात भर म्हणजे बागा डोळा भरून, म्हणजे मोजक्या झाडांच्या नकला करून वाढवलेल्या. एका झाडाला रोग झेपला नाही तर शेजारच्यालाही झेपणार नाही. आणि जगातले बहुतेक नैसर्गिक रबर आशियातच पिकते.

म्हणून शक्यता कमी असूनही धोका मोठा धरतात. १९५६ च्या आशिया-प्रशांत वनस्पती संरक्षण करारात या एकट्या रोगासाठी वेगळे परिशिष्ट जोडले गेले. आजवर तो आशियात आला नाही, यात नशिबाचा वाटा असेलच, पण कागदावरच्या त्या कंटाळवाण्या कामाचाही आहे. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, एवढेच.

लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो, तो कशाचा?

लाकडावर प्रक्रिया झाल्याचा. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांपैकी हे १५ क्रमांकाचे, साल २००२. शिक्क्यात ओंबीचे चित्र, देशाची दोन अक्षरे, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण असते. 'एचटी' म्हणजे उष्णता: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग किमान ३० मिनिटे. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. हा वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून इतर वापरांतून हद्दपार झाला, क्वारंटाइनसाठी मात्र सवलत ठेवली आहे. एका संकटावर दुसरे संकट उतारा म्हणून द्यायचे, असा हा प्रकार, पण तूर्त तसाच चालतो.

पॅलेटवर एवढा भर का, असे विचारतात. मालावर सगळ्यांची नजर असते, मालाखालच्या फळीवर कुणाचीच नसते. आत यंत्राचे सुटे भाग असोत की फरशा, पेटी स्वस्तातल्या लाकडाची, कधी साल न काढलेल्या, कधी रोगट म्हणून तोडलेल्या झाडाची. त्यात अळी असली तर ती आरामात बसून येते. अ‍ॅश नावाचे थंड प्रदेशातले झाड पोखरणारा चकचकीत हिरवा भुंगेरा पूर्व आशियातून अमेरिकेत बहुधा असाच गेला. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ ओळखला गेला. झाडांची वार्षिक वलये तपासल्यावर कळले की तो नव्वदच्या दशकापासूनच तिथे होता. कोट्यवधी अ‍ॅश झाडे मेली. लांब मिश्यांचा आशियाई भुंगा १९९६ मध्ये ब्रुकलिनच्या रस्त्याकडेच्या झाडांत आणि १९९८ मध्ये शिकागोत सापडला. शिकागोतून तो पूर्ण निपटल्याचे जाहीर व्हायला २००८ उजाडले.

शिक्का म्हणजे खात्री मात्र नव्हे. अमेरिकेत येणाऱ्या लाकडी पॅकिंगवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मानक लागू झाल्यावरही हजारात साधारण एका खेपेत जिवंत कीड होती; आधीपेक्षा कमी, पण संपलेली नाही. तेव्हा गोदामात पॅलेटला गोल किंवा लंबगोल भोक आणि खाली ताजा भुसा दिसला, तर शिक्का आहे म्हणून स्वस्थ बसू नका.

प्लायवूडला आणि ६ मिलिमीटरपेक्षा जाड नसलेल्या लाकडाला हा नियम लागत नाही.

मग प्रत्येक कंटेनर उघडून का पाहत नाहीत?

पाहिले तर न्हावाशेवापासून पनवेलपर्यंत रांग लागेल. आणि उघडून तरी काय दिसणार? खोडात दोन बोटे आत बसलेली अळी किंवा पानात लक्षणाविना लपलेली बुरशी डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच धोका आधी कागदावर मोजतात: कोणता देश, कोणता माल, कोणता हंगाम. नजर कुठे वळवायची ते त्यावरून ठरते.

जी कीड कुणाच्याच यादीत नाही तिचे काय?

इथे या सगळ्या पद्धतीची दुखरी नस आहे. अ‍ॅश पोखरणारा भुंगेरा त्याच्या मूळ प्रदेशात फारसा उपद्रवी नव्हता. तिथल्या झाडांनी त्याच्याशी जमवून घेतले होते. त्यामुळे अमेरिकेला त्याची भीती वाटायचे कारणच नव्हते. युरोपातला अ‍ॅशचा मर रोग तसाच. पूर्व आशियात त्याची बुरशी अ‍ॅशच्या पानांवर निरुपद्रवीपणे राहते. पोलंडमध्ये १९९२ पासून झाडे मरताना दिसली, पण बुरशीचे वर्णन झाले २००६ मध्ये. ज्याला नावच नाही त्याला यादीत कसे घालणार?

ब्रिटनमध्ये तो २०१२ मध्ये एका रोपवाटिकेत सापडला आणि त्याच वर्षी अ‍ॅशच्या रोपांची आयात थांबवली. गंमत अशी की ब्रिटनमधलेच बी युरोपच्या मुख्य भूमीवर नेऊन, तिथे रोपे करून परत आणण्याची पद्धत होती. मजुरीत वाचलेले पैसे कुठे गेले, ते सांगायला नको. या धक्क्यानंतर २०१४ मध्ये तिथे किडी-रोगांची जाहीर धोका-नोंदवही सुरू झाली: येण्याची शक्यता, परिणाम आणि धोक्यात असलेल्या गोष्टीचे मोल, प्रत्येकाला १ ते ५ गुण, त्यांचा गुणाकार, कमाल १२५. जाणकार गुणांवर भांडतात, आणि भांडावेच. नोंदवही उघडी असल्यामुळे निदान भांडता तरी येते.

अनोळखी किडींसाठी एक चलाख उपाय म्हणजे पहारेकरी झाडे. युरोपातली झाडे चीनमध्ये लावून ठेवायची आणि तिथल्या कोणत्या किडी त्यांच्यावर चढतात ते पाहत बसायचे. शत्रूच्या गावात आपला माणूस बसवण्यासारखेच ते.

थायलंडहून शोभेची पामरोपे आणायची आहेत. भारतात नियम काय?

मूळ कायदा १९१४ चा, विनाशकारी कीटक व पीडक अधिनियम. त्याखाली २००३ चा वनस्पती क्वारंटाइन आदेश आहे आणि त्याच्या परिशिष्टांत पिकागणिक, देशागणिक अटी आहेत. काम पाहते केंद्राचे वनस्पती संरक्षण, क्वारंटाइन व साठवण संचालनालय, मुख्यालय फरीदाबाद. लावणीच्या रोपांसाठी आयात परवाना आधी काढावा लागतो, निघण्यापूर्वी त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, ठरलेल्या बंदरातूनच किंवा विमानतळावरूनच माल उतरतो आणि अनेक रोपांना आल्यावर काही काळ वेगळे ठेवून त्यांच्यावर देखरेख होते. पाम आणण्याआधी परिशिष्टात नीट बघा. माडाच्या कुळातल्या झाडांबाबत अटी कडक आहेत आणि त्या तशा असाव्यातच.

एजंट 'सगळे होऊन जाईल' म्हणाला तर परिशिष्टातली ओळ त्याला बोट ठेवून दाखवायला सांगा.

मुळाशी थोडी माती राहिली तर चालते का?

नाही. परवानगीशिवाय माती आणायला बंदीच आहे. मुळांवरचे सूत्रकृमी आणि बुरशी मातीतूनच येतात.

आम्ही परदेशातून काहीच आणत नाही. राजमुंद्रीकडून ट्रक येतो, बस्स. मग आम्हाला काय?

आपल्याकडे हाच भाग सर्वांत ढिला आहे, असे माझे मत. बंदरावर निदान एक दार आहे. पण एकदा कीड देशात शिरली की आंध्रच्या कडियमहून कोल्हापूरला, पुण्याहून रत्नागिरीला रोपांचे ट्रक ये-जा करतात आणि वाटेत झावळी उलटी करून बघणारे कुणी नसते. कायद्यात देशांतर्गत बंदीची सोय आहे. सफरचंदावरची सॅन होजे खवले कीड, कॉफीची फळे पोखरणारा भुंगेरा अशांसाठी ती वापरलीही गेली. पण पांढऱ्या माशीसारखी कीड अधिसूचना निघेपर्यंत दोन राज्ये पुढे असते.

तेव्हा हे काम नर्सरीवाल्यालाच करावे लागते. नवीन आलेली रोपे जुन्यांत लगेच मिसळू नका. शक्य तर तीन-चार आठवडे वेगळ्या कोपऱ्यात ठेवा आणि दर आठवड्याला पानांची खालची बाजू पाहा. कोणती रोपे कुठून, कधी आली याची वही ठेवा. एका नर्सरीत मी ही वही मागितली तर मालकांनी डोक्याकडे बोट दाखवले. डोक्यातली वही तिसऱ्या ट्रकानंतर पुसते.

परदेशी लोक आपल्या हापूसला अडवतात ते खरेच किडीमुळे, की ते निमित्त?

दोन्ही असू शकते, पण किडीचे कारण खोटे नव्हते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि चार भाज्या बंद केल्या, कारण २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. प्रक्रिया आणि तपासणी सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. अमेरिकेने २००७ मध्ये दार उघडले ते ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) विकिरणाच्या अटीवर. लासलगावच्या केंद्रात आंबे विकिरित होऊन जाऊ लागले. आपण ज्याला छळ म्हणतो ते समोरच्याचे कीड जोखीम विश्लेषण असते. बंदरावर आलेल्या परदेशी मालाला आपण तोच प्रश्न विचारला की तिकडचा व्यापारीही छळच म्हणतो.

आपला माल निरपराध असतो, असेही नाही. माडाचे खोड पोखरणारा आपल्या ओळखीचा सोंड्या भुंगा ऐंशीच्या दशकात आखातातल्या खजुरांवर गेला आणि नव्वदच्या दशकात स्पेनला पोहोचला. भूमध्य समुद्राकाठची शोभेची पामझाडे त्याने आडवी केली. कॅनरी बेटांनी मात्र झाडन्‌झाड तपासून त्याला हाकलले. २०१६ मध्ये बेटे मुक्त जाहीर झाली.

अमेरिकेत मुलीकडे जाताना कढीपत्ता नेला तर एवढे काय बिघडते?

फोडणीपुरता नेणाऱ्या मावशींना हे पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नागपुरी संत्र्याचे बागायतदार ज्या सिट्रस सायलाला ओळखतात, त्याला कढीपत्ताही प्रिय आहे; दोन्ही एकाच कुळातले. हा सायला संत्र्यात ग्रीनिंग रोगाचा जिवाणू पसरवतो. फ्लोरिडात सायला १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये सापडला. २००३-०४ च्या हंगामात तिथे २४ कोटी खोकी संत्री निघाली होती. २०२२-२३ मध्ये दोन कोटींच्याही खाली. वादळांनी भर घातली, पण झाडे आधीच आतून संपली होती. रोगावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून बाहेरून ताजा कढीपत्ता न्यायला तिथे बंदी आहे आणि बॅगेत सापडला तर तो काढून घेतात. पानाखालची अंडी मावशींनाही दिसत नाहीत आणि अधिकाऱ्यालाही.

आलेली कीड परत घालवता येते का?

क्वचित. बहुतेक वेळा तिला आटोक्यात ठेवणेच हाती असते, आणि त्यातही यश मिळते ते मित्रकीटकांमुळे. पपईच्या पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून अ‍ॅसेरोफॅगस नावाची इवलीशी परजीवी गांधीलमाशी आणली. तिने पपईबरोबर तुतीलाही वाचवले. रुगोज माशीच्या मागोमाग एन्कार्सिया हा परजीवी आपला आपणच आला. म्हणूनच माडावर घाईने विषारी फवारणी करू नका असे सांगतात: माशीआधी एन्कार्सिया मरतो. काळी बुरशी उतरवायला १ टक्का स्टार्चची खळ फवारतात. वाळली की पापुद्र्यासारखी बुरशी घेऊन गळून पडते.

बाहेरून मित्रकीटक आणायचा, तर त्याचेही जोखीम विश्लेषण आधी होते.

झाडावर काही अनोळखी दिसले तर काय करू?

फांदी तोडून गावभर दाखवत फिरू नका. कीड तेवढ्यातही पसरते. जागेवरच फोटो काढा: एक पूर्ण झाडाचा, एक पानाच्या दोन्ही बाजूंचा, एक शेजारी नाणे ठेवून जवळून. कधी दिसले, शेजारी कोणती रोपे अलीकडे लावली, ती कुठून आणली, हे लिहून ठेवा. तालुका कृषी अधिकारी, जवळचे कृषी विज्ञान केंद्र, कोकणात दापोलीचे कृषी विद्यापीठ यांना कळवा. नवी कीड असण्याचा संशय आला तर नमुना बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोपर्यंत जातो. नमुना मागितला तरच द्या, बंद बाटलीत, आणि शक्यतो फवारणीच्या आधीचा. औषधाने विरघळलेली माशी कुणालाही ओळखता येत नाही.